डिस्क गोल्फ : वृक्षाच्छादित उद्यानमैदान

डिस्क गोल्फ हा गोल्फच्या धर्तीवर, पण चेंडू व काठीऐवजी प्लॅस्टिकच्या तबकडीने खेळला जाणारा मैदानी खेळ आहे. ठरलेल्या ‘टी’वरून (पहिल्या फेकीच्या जागेवरून) तबकडी फेकायची, ती जिथे थांबेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत ती साखळ्यांच्या बास्केटमध्ये पोचवायची, हा त्याचा गाभा. टीपासून बास्केटपर्यंतच्या एका टप्प्याला ‘होल’ म्हणतात; मैदान बहुधा 9 किंवा 18 होलांचे असते. प्रस्तुत नोंद सार्वजनिक उद्यानांतील झाडीच्या मैदानांपुरती आहे. मोकळ्या माळावर खेळाडूची कसोटी वारा आणि अंतर पाहतात. इथे ती झाडांची खोडे पाहतात.

उगम : या खेळाच्या जन्माविषयी एकमत नाही. कॅनडातील सस्कॅचेवन प्रांतात ब्लॅडवर्थ या गावी 1926 च्या सुमारास शाळकरी मुले पत्र्याची झाकणे वर्तुळांत फेकून ‘गोल्फ’ खेळत, असा दाखला दिला जातो. या प्रकाराची पुढे परंपरा निर्माण झाल्याचे मात्र दिसत नाही, त्यामुळे त्याला पूर्वसूरी म्हणावे, जनक म्हणू नये. अमेरिकेत 1960 च्या दशकात अनेकांना ही कल्पना एकमेकांच्या नकळत सुचली असावी. जॉर्ज सॅपनफील्ड यांनी 1965 मध्ये कॅलिफोर्नियात उन्हाळी क्रीडा-मार्गदर्शक म्हणून काम करताना मुलांसाठी हूला हूप ठेवून असा खेळ मांडला. पुढे थाउझंड ओक्स येथील उद्यान विभागात रुजू झाल्यावर त्यांनी त्याची स्पर्धाही भरवली. केव्हिन डॉनेली यांचे प्रयोग त्याच्याही आधीचे, 1960 च्या आसपासचे, मानले जातात. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे 1970 पासून एक गट नियमित खेळत होता. 1974 मध्ये त्याने ‘अमेरिकन फ्लाइंग डिस्क ओपन’ ही स्पर्धा घेतली; तिचे बक्षीस डॅटसन मोटार होते आणि ते डॅन रॉडिक यांनी जिंकले.

‘पहिले कोण’ या वादात अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. त्यातून निष्पन्न थोडेच होते, कारण तबकडी एखाद्या खांबावर नेम धरून फेकणे ही कल्पना सुचायला शोधक लागत नाही. खेळाला स्थैर्य आले ते कायमस्वरूपी सार्वजनिक मैदान आणि सर्वमान्य लक्ष्य या दोन गोष्टींमुळे, आणि त्या दोन्हींचे श्रेय एड हेड्रिक (1924–2002) यांच्याकडे जाते. फ्रिस्बी ही खेळण्याची तबकडी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत असताना तिच्या पाठीवरील वर्तुळाकार कंगोऱ्यांचे पेटंट त्यांना 1967 मध्ये मिळाले होते. या कंगोऱ्यांमुळे तबकडी हवेत अधिक स्थिर राहते. पॅसाडेनाजवळील ओक ग्रोव्ह उद्यानात त्यांनी 1975 मध्ये मैदान आखले. तेच सामान्यतः पहिले कायमस्वरूपी डिस्क गोल्फ मैदान मानले जाते. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीला लागून असलेले हे उद्यान आता हाहामोंग्ना वॉटरशेड पार्कचा भाग आहे.

प्रारंभी कुठलेही झाड, दिव्याचा किंवा विजेचा खांब हेच लक्ष्य असे. ओक ग्रोव्हमध्येही सुरुवातीला जमिनीत रोवलेले खांब होते. तबकडी खांबाला ‘लागली की नाही’ यावर मात्र वारंवार भांडणे होत. म्हणून हेड्रिक यांनी मुलाच्या साहाय्याने साखळ्या व बास्केट असलेला खांब तयार केला. साखळ्या तबकडीचा वेग मारतात आणि ती खालच्या जाळीत पडते, त्यामुळे वादाला जागा उरत नाही. याचे पेटंट 1977 मध्ये मिळाले. व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना (पीडीजीए) त्याआधीच, 1976 मध्ये, त्यांनी स्थापन केली होती. झाडीच्या मैदानांच्या दृष्टीने या शोधाचा परिणाम सहसा नोंदवला जात नाही : झाड लक्ष्य राहिले नाही, ते निखळ अडथळा झाले. ज्या आखणीला आज वनमैदान म्हणता येईल, ती यानंतरच शक्य झाली.

तबकडी व तिचे उड्डाण : मान्यताप्राप्त तबकडीचा व्यास किमान 21 सेंमी. असतो आणि वजन व्यासाच्या दर सेंमी.मागे 8.3 ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. डेव्ह ड्युनिपेस यांनी 1983 मध्ये कडेला धारदार उतार असलेली तबकडी बनवली. त्यानंतर लांब पल्ल्याचे ‘ड्रायव्हर’, मध्यम पल्ल्याचे ‘मिडरेंज’ व जवळच्या फेकीसाठीचे ‘पटर’ अशी फारकत झाली.

झाडीत तबकडी कशी वळते हे कळल्याशिवाय निभाव लागत नाही. उजव्या हाताने बॅकहँड (हात शरीरासमोरून आडवा नेऊन) फेकलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. वेग जास्त असताना हवेच्या दाबाचा केंद्रबिंदू तबकडीच्या मध्याच्या मागे असू शकतो, आणि नाक (पुढची कड) खाली दाबले जाते. तबकडी भोवऱ्यासारखी फिरत असल्याने हा दाब नाक न झुकवता तिला उजवीकडे कलवतो. वेग ओसरला की केंद्रबिंदू पुढे सरकतो, नाक उचलले जाऊ लागते आणि कल डावीकडे होतो. सुटताना बाहेरची कड खाली झुकवली तर त्या फेकीस ‘हायझर’, वर उचलली तर ‘ॲनहायझर’ म्हणतात. वनमैदानावरील खेळाडू या दोन वळणांचा मेळ घालून वाकड्या वाटेतून तबकडी नेतो. फांद्यांचे छत खाली असेल तर कडेवर उभी घरंगळणारी ‘रोलर’ फेक वापरतात. अंतर मात्र दुय्यम ठरते. फेकीच्या दिशेत 2 अंशांची चूक झाली, तर 60 मीटरवर तबकडी सुमारे 2 मीटर सरकते. मोकळ्या मैदानात ही चूक क्षम्य असते. 3–4 मीटर रुंदीच्या फटीत ती खोडावर जाऊन आदळते. पाहुण्या खेळाडूला आपल्या ताकदीचा फारसा उपयोग होत नाही, हे पहिल्या काही होलांतच कळते.

नियमांतील झाडी : झाड हा मैदानाचा स्थायी भाग असल्याने फेकीसाठी फांदी तोडण्यास मनाई आहे. उभे राहतानाही तिची कमीत कमी हालचाल होईल अशीच जागा घ्यावी लागते. तबकडी फांदीत अडकली तर तिच्या बरोबर खाली पुढच्या फेकीची जागा धरतात. ती 2 मीटरपेक्षा उंच असेल तर एका फेकीचा दंड होतो, परंतु स्पर्धेच्या संचालकाने तसे जाहीर केले असेल तरच. पूर्वी हा दंड सरसकट होता. हा बदल स्वागतार्ह वाटतो, कारण तबकडी दोन मीटरवर अडकते की खाली घसरते हा बहुधा नशिबाचा भाग असतो. हरवलेल्या तबकडीच्या शोधासाठी तीन मिनिटे मिळतात. पानगळीनंतर ती अपुरीच पडतात.

मैदाने : सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधील मैदान लावलेल्या निलगिरी, पाइन व सायप्रस वृक्षांत आहे. सांताक्रूझचे दे लाव्हेआगा (1984) डोंगरउतारावर असून त्याचा 27 वा होल ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ या नावाने ओळखला जातो. केंटकीतील बर्लिंग्टन येथील आयडलवाइल्ड अवघड झाडीसाठी प्रसिद्ध आहे. जॉर्जिया राज्यात ॲपलिंगजवळ वाइल्डवुड उद्यानात पीडीजीएचे मुख्यालय आहे व त्याच्या भोवती तीन मैदाने आहेत. फिनलंडमध्ये नगरपालिकांच्या वनांत हा खेळ विशेष रुजला आहे.

उद्यानावरील परिणाम : अमेरिकेतील बहुतेक मैदाने विनाशुल्क असून त्याच वाटांवर फिरणारे लोकही असतात. माणूस वाटेत असेल तर थांबावे, हा संकेत नियमाइतकाच पाळला जातो. टी व बास्केटभोवती माती दबून पाण्याचा निचरा मंदावतो, झुडपे विरळ होतात आणि फटीच्या तोंडाशी असलेल्या खोडांच्या साली वारंवारच्या माराने सोलवटतात. ओकसारख्या वृक्षांच्या मुळांना दबलेली माती विशेष बाधते. यावर बास्केटची जागा काही महिन्यांनी बदलणे, लाकडाच्या ढलप्यांचा थर टाकणे आणि खोडांना संरक्षक वेढे बांधणे हे उपाय केले जातात. प्रत्येक होलाला बास्केटच्या दोन-तीन पर्यायी जागा आधीच ठेवण्याची पद्धत मुख्यतः त्यासाठीच आहे. त्यातून तोच होल नव्याने खेळायला मिळतो, हा तिचा आनुषंगिक लाभ.