एल्म वाचवायला गाव का लागतं?

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या गावांनी १८व्या-१९व्या शतकांत रस्त्यांच्या दोन्ही कडांना एल्म नावाची झाडं लावली. वर फांद्या एकमेकींना भिडत आणि अख्खा रस्ता सावलीत येई. (आपला वावळ याच कुळातला.) एकच जात, तीही ओळीने आणि जवळजवळ, हे पुढे फार महागात पडलं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात एल्म वाळू लागले. काहींनी युद्धातल्या विषारी वायूला दोष दिला. १९२०च्या दशकात नेदरलँड्समध्ये योहाना वेस्टरडाइक यांच्या हाताखाली बेआ श्वार्त्स यांनी खरा गुन्हेगार शोधला, तो म्हणजे एक बुरशी. पुढे क्रिस्टिन बाउसमन यांनी ते पक्कं सिद्ध केलं. या तिन्ही स्त्री-शास्त्रज्ञांची नावं आज फारशी घेतली जात नाहीत, याची खंत वाटते.

१९३०मध्ये हा 'डच एल्म डिसीज' ओहायोत सापडला. व्हीनियरसाठी (फर्निचरवर चिकटवायच्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यांसाठी) युरोपातून आणलेल्या ओंडक्यांतून तो अमेरिकेत आला होता. बुरशीचे बीजाणू सालीखालचे भुंगेरे वाहून नेतात. झाड तिला अडवायला स्वतःच्याच पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करतं आणि तहानेने मरतं. शेजारच्या झाडांची मुळं जमिनीखाली जुळलेली असतील, तर रोग तिथूनही सरकतो. भुंगेरे वाढतात मरत्या एल्मच्या लाकडात. म्हणून एकाच्या परसातला दुर्लक्षित ओंडका सगळ्या आळीची झाडं घेऊन जाऊ शकतो. फवारणी, इंजेक्शनं पुढे आली; पण पिवळी पडलेली फांदी वेळेवर दिसणं आणि ती लगेच कापून नष्ट करणं, याला पर्याय मिळाला नाही.

मेन राज्यातल्या यार्मथ गावात हे काम फ्रँक नाइट यांनी अंगावर घेतलं. १९५६पासून सुमारे ५० वर्षं ते गावचे 'ट्री वॉर्डन', म्हणजे गावातल्या झाडांची देखभाल पाहणारे अधिकारी, होते. शेकडो एल्म पाडावे लागले. सगळे वाचणार नाहीत हे उमगल्यावर त्यांनी 'हर्बी' नावाच्या एका प्रचंड एल्मवर जीव लावला. त्याला १४ वेळा रोगाने गाठलं आणि दर वेळी रोगट फांद्या छाटून नाइट यांनी त्याला तारलं. अखेर जानेवारी २०१०मध्ये हर्बी पाडला, तेव्हा वर्तुळं मोजून त्याचं वय २१७ भरलं. नाइट तेव्हा शंभरी ओलांडलेले होते. २०१२मध्ये ते वारले, आणि त्यांची शवपेटी हर्बीच्याच लाकडाची होती.

एका माणसाच्या जिवावर शहर मात्र वाचत नाही. कॅनडातल्या विनिपेगमध्ये रोग १९७५ला पोचला आणि १९९२मध्ये तिथल्या नागरिकांनी एल्म वाचवण्यासाठी आघाडी उभारली. मॅनिटोबा प्रांतात आज एल्मचं जळाऊ लाकूड साठवायला बंदी आहे. एप्रिल ते जुलै एल्मची छाटणीही करता येत नाही, कारण ताज्या जखमेच्या वासावर भुंगेरे येतात.