बायबलच्या ग्रंथसंग्रहाचा वाद

कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके असतात, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. नव्या करारातील २७ पुस्तकांबद्दल वाद नाही; फरक जुन्या करारात आहे. तोबित, यहूदिथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके, शिवाय एस्तेर व दानिएल यांतील काही भाग प्रॉटेस्टंट संग्रहात धरत नाहीत. वरवर हा मोजदादीचा प्रश्न दिसतो. भांडण आहे ते यादी ठरवण्याच्या अधिकाराचे.

हे उघड झाले १५१९ च्या उन्हाळ्यात, जर्मनीतल्या लाइपझिगच्या वादसभेत. प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याच्यासमोर योहान एक (Eck) हा कॅथलिक बाजूचा कसलेला वादपटू होता. मृतात्म्यांच्या शुद्धीची अवस्था, म्हणजे पर्गेटरी, शास्त्रात कुठे आहे, यावर योहान एकने मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा १२ वा अध्याय पुढे केला. तिथला प्रसंग असा : लढाईत पडलेल्या यहुदी सैनिकांची प्रेते उचलताना अंगरख्यांखाली परदैवतांचे ताईत सापडतात. सेनापती यहूदा वर्गणी गोळा करतो आणि मृतांच्या पापासाठी अर्पण करायला ती यरुशलेमला पाठवतो. ल्यूथरने पुस्तकच प्रमाण मानले नाही. ग्रंथात मुळात नसलेला अधिकार चर्च त्याला देऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे. धर्मपरिषदाही चुकू शकतात, हेही तो इथेच बोलून गेला. बोहेमियातील सुधारक यान हुस याला १४१५ मध्ये जाळणाऱ्या परिषदेचे उदाहरण समोर होतेच.

कॅथलिक प्रत्युत्तर लेचेपेचे नाही. कोणती पुस्तके पवित्र, याची यादी बायबलच्या कुठल्याच पानावर नाही. ती हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) येथील धर्मसभांनी दिली. मग चर्च वगळून शास्त्र हाती आले कसे? प्रॉटेस्टंट म्हणतात, सोनार कस लावतो, पण त्यामुळे पितळेचे सोने होत नाही. लॅटिन भाषांतरकार जेरोमलाही या पुस्तकांबद्दल शंका होती, हे ते आवर्जून सांगतात. मात्र नव्या करारातील याकोबाच्या पत्राला ल्यूथरने १५२२ मध्ये ‘गवताचे पत्र’ म्हटले होते, हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली येतो.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी यादीवर शिक्कामोर्तब केले, आणि येशूच्या प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेला शास्त्राइतकाच आदर दिला. ल्यूथर त्याच फेब्रुवारीत वारला होता. त्याने ही पुस्तके फेकून दिली, हा समज मात्र चुकीचा. १५३४ च्या जर्मन बायबलात ती दोन करारांच्या मध्ये आहेत, शास्त्राच्या बरोबरीची नसली तरी वाचायला चांगली, अशा शेऱ्यासह. छापील प्रतींतून त्यांना मोठ्या प्रमाणावर बाहेर काढले ते एकोणिसाव्या शतकात, ब्रिटिश बायबल सोसायटीने. मराठी प्रॉटेस्टंटांचे ‘पवित्र शास्त्र’ घडले ते याच काळात. अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार १८२६ चा.

वसईत २ नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबे कबरींवर मेणबत्त्या लावतात, मृतांसाठी प्रार्थना करतात. अशा मिस्सांमध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनाविधींत, ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय वाचला जातो : नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत. ६६ पुस्तकांच्या प्रतीत तो अध्याय नाही.