त्या तुळया जहाजाच्या नव्हेत

इंग्लंडमधल्या मध्ययुगीन लाकडी घरांना मोडीत काढलेल्या जहाजांच्या तुळया वापरल्या, असं नेहमी सांगितलं जातं. तुळयांमध्ये दुसरं लाकूड अडकवायच्या खाचा रिकाम्या दिसतात, त्या पाहून तसं वाटणं साहजिकच आहे.

पण आग्नेय इंग्लंडमधल्या केंट-ससेक्सकडची ही घरं बहुतेक ताज्या तोडलेल्या ओकची. लाकूड ओलं असतानाच घडवत. वाळताना ते पिळतं, म्हणून वाकडं दिसतं. मग खाचा? मधलं दालन पूर्वी छपरापर्यंत मोकळं, जमिनीवर चूल. पुढे मजला घातला, भिंती पाडून दुकानं काढली. त्या भिंतींच्या खाचा उरल्या. काही लाकडं जुन्या घरांतून आलेली असतात, तो भाग वेगळा.

खात्री करायची तर दुकानाच्या वरचे वासे बघा: चुलीची काजळी सापडू शकते. सांध्यांच्या दोन्ही लाकडांवर सुतारांनी जोडणीसाठी कोरलेले रोमन आकडे जुळतात. लाकडातल्या वर्षवलयांवरून झाडाच्या तोडणीचा काळही अनेकदा कळतो.