गाळणीवरील केकची कणरचना व तिचे प्रतिमान

औषधी घटकांच्या निर्मितीत स्फटिकीकरण पूर्ण झाल्यावर स्फटिक आणि द्रव यांची स्लरी गाळणीवर घेतली जाते. द्रव कापडातून किंवा जाळीतून खाली उतरतो, आणि स्फटिक एकमेकांवर बसून वर घन थर तयार होतो. कारखान्यात या थराला केक आणि खाली उतरणाऱ्या द्रवाला मदर लिकर म्हणतात. केकमध्ये कण एकमेकांना कसे खेटून बसतात, त्यांच्यामध्ये किती पोकळी उरते आणि ती पोकळी आतून कशी जोडलेली असते, हे गणिताने किंवा संगणकावर मांडणे म्हणजे कणरचनेचे प्रतिमान. सुरुवातीच्या काही क्षणांनंतर द्रवाला अडवणारी मुख्य गोष्ट कापड नसते, केक असतो. त्यामुळे गाळायला लागणारा वेळ, मदर लिकरमधील अशुद्धी धुऊन काढण्याची सोय आणि पुढील वाळवण ही तिन्ही या रचनेवर अवलंबून असतात.

या विषयाचा पाया आंरी दार्सी यांनी फ्रान्समधील दीझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामात घातला. वाळूच्या थरातून उतरणाऱ्या पाण्याचा वेग दाबातील फरकाच्या सम प्रमाणात आणि थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा त्यांचा नियम १८५६ मध्ये प्रसिद्ध झाला. खानदेशातील वाचकाला तो जमिनीवरच पाहता येतो. यावल-रावेर भागात सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, खडी आणि जाड वाळू यांचे थर आहेत व तेथे पाणी झपाट्याने मुरते. तापीकाठच्या गाळात चिकणमातीचे थर आले की तेच पाणी अडते. दोन्हीकडे नियम एकच लागू होतो, फरक कणांच्या आकारमानाचा व मांडणीचा असतो. हा फरक आकड्यात मांडण्याचे सूत्र कोझेनी यांनी १९२७ मध्ये दिले आणि कार्मन यांनी १९३७ मध्ये ते सुधारले.

कोझेनी-कार्मन सूत्रानुसार केकचा विशिष्ट रोध (ठराविक वजनाच्या घनामागे केक द्रवाला किती अडवतो ते माप) कणांच्या व्यासाच्या वर्गाशी व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे कण निम्म्या व्यासाचे झाले की रोध चौपट होतो. सच्छिद्रतेचा, म्हणजे केकच्या एकूण आकारमानातील पोकळीच्या वाट्याचा, परिणाम याहून तीव्र आहे आणि तो पुरेसा लक्षात घेतला जात नाही, म्हणून येथे तो आकड्यांनीच दाखवणे योग्य ठरेल. रोध हा घनभागाला (एकूण आकारमानातील कणांच्या वाट्याला, म्हणजे १ वजा सच्छिद्रता) सच्छिद्रतेच्या तिसऱ्या घाताने भागून येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात बदलतो. सच्छिद्रता ०.४० वरून ०.३६ वर आली, तर डोळ्यांना केकमध्ये काहीच फरक दिसणार नाही, पण रोध जवळजवळ दीडपट होतो, ती ०.३० झाली तर रोध पावणेतीनपटीच्या वर जातो. साहजिकच, कण कसे बसतील याचा अंदाज थोडा चुकला तरी गाळण्याच्या वेळेचा अंदाज मोठ्या प्रमाणात चुकतो.

पायलीने धान्य मोजणाऱ्यांना या रचनेची एक बाजू पूर्वीपासून ठाऊक आहे: नुसती ओतलेली ज्वारी कमी मावते, माप हलवून ठोकले की जास्त मावते. सारख्या गोलांच्या बाबतीत या मर्यादा मोजलेल्या आहेत. अलगद ओतलेल्या गोलांचा घनभाग सुमारे ०.५५ ते ०.६०, हलवून बसवलेल्यांचा सुमारे ०.६४, आणि शिस्तीने रचलेल्यांचा जास्तीत जास्त ०.७४ असतो, ही शेवटची मर्यादा केप्लर यांनी १६११ मध्ये अनुमानाने सांगितली होती. चपट्या, भिंगासारख्या कणांवर २००४ मध्ये झालेल्या कामात असे आढळले की ते अस्ताव्यस्त ओतले तरी गोलांपेक्षा दाट, सुमारे ०.६८ ते ०.७१ पर्यंत बसतात. कण वेगवेगळ्या आकारमानांचे असतील तर बारीक कण मोठ्यांमधील पोकळी भरतात. फर्नस यांनी १९३१ मध्ये याचे गणित मांडले. स्फटिकीकरणात निघालेला थोडासा चुराही गाळणी का मंदावतो, याचे उत्तर त्यात आहे.

औषधी स्फटिक मात्र क्वचितच गोल असतात. अनेक संयुगे सुयांच्या रूपात स्फटिक होतात, आणि प्रतिमानाची खरी कसोटी येथे लागते. शेताच्या बांधावर टाकलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग पाहिला की काड्या एकमेकींना अडवून किती जागा रिकामी ठेवतात ते कळते. लांबी-जाडीचे गुणोत्तर वाढेल तसा अस्ताव्यस्त सुयांचा घनभाग जवळजवळ त्याच्या व्यस्त प्रमाणात घटतो. इतक्या मोकळ्या थरातून द्रव झरझर उतरावा असे वाटते, पण बहुधा तसे होत नाही. पोकळीची रुंदी सुईच्या लांबीपेक्षा तिच्या बारीक जाडीवर ठरते. शिवाय सुया कापडाशी समांतर आडव्या पडतात, दाबाखाली वाकतात आणि मोडतात.

दाबाने घट्ट होणाऱ्या केकला संपीड्य केक म्हणतात. कुरडयांसाठी गव्हाचा चीक कापडातून गाळताना कितीही जोराने पिळले तरी धार त्या प्रमाणात वाढत नाही, कारण कापडाला लागलेला थर आणखी आवळला जातो. दाबाबरोबर रोध किती वाढतो हे संपीड्यतेचा घातांक ही संख्या सांगते. ती शून्य असेल तर दाब दुप्पट केल्यावर प्रवाहही दुप्पट होतो. ती १ च्या जवळ असेल तर वाढवलेला दाब जवळपास वाया जातो.

संगणकीय प्रतिमानांत विविक्त घटक पद्धती सर्वाधिक वापरात आहे. कंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत प्रत्येक कणावरील बले मोजून त्याची हालचाल टप्प्याटप्प्याने काढतात. सुईसारखा कण बहुधा एका ओळीत जोडलेल्या गोलांनी दाखवला जातो. तयार झालेल्या आभासी केकच्या पोकळीतून द्रवाचा प्रवाह सोडून रोध काढतात आणि सूक्ष्म क्ष-किरण चित्रणाने मिळालेल्या खऱ्या केकच्या रचनेशी तो ताडून पाहतात. साध्या कामासाठी मात्र प्रयोगशाळेतील छोटी गाळणी पुरते: स्थिर दाबाखाली वेळ भागिले गाळलेले आकारमान ही संख्या आकारमानासमोर आलेखात मांडली की सरळ रेषा मिळते, तिच्या चढावरून केकचा रोध आणि ती उभ्या अक्षाला जेथे छेदते त्यावरून कापडाचा रोध निघतो. बी. फार्मच्या तिसऱ्या सत्रात गाळण शिकणाऱ्या शिरपूरच्या किंवा जळगावच्या विद्यार्थ्याने हा प्रयोग स्वतःच्या हाताने करावा, इतका तो बोलका आहे.

प्रत्यक्ष कारखान्यात दोन गोष्टी प्रतिमानाला चकवतात. स्लरी उतरत असताना मोठे कण आधी तळाशी बसतात व बारीक कण वर राहून त्यांची दाट साय धरते, त्यामुळे सर्वत्र सारखी रचना गृहीत धरलेले उत्तर चुकते. दुसरे, ढवळणी असलेल्या बंद गाळणी-वाळवणी यंत्रात केक धुताना आणि वाळवताना पाते फिरते तेव्हा सुया तुटतात, आणि पहिल्या धुण्याच्या वेळी मोजलेली कणमापे दुसऱ्या धुण्यापर्यंत खरी राहत नाहीत. म्हणून नमुना ढवळणीच्या आधी आणि नंतर असा दोनदा घ्यावा लागतो.