सकाळी डोळे का सुजतात, आणि क्रीमला त्यातलं काय जमतं?

सध्या रील्स उघडल्या की अंडरआय सीरमची जाहिरात येतेच, 'सात दिवसांत डार्क सर्कल आणि पफीनेस गायब'. काळेपणा आणि सूज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच बाटलीने दोन्ही जाणं कठीण.

काळेपणाचं थोडक्यात सांगते. डोळ्याखालची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, खाली चरबी जवळजवळ नाहीच, त्यामुळे आतल्या शिरा निळसर-जांभळ्या दिसतात. काहींना तिथे मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्यच जास्त असतं, ते घराण्यातून येतं किंवा ॲलर्जीमुळे डोळे चोळून चोळून वाढतं, आणि काहींना नुसती खड्ड्याची सावली असते. आरशासमोर कातडी हलकेच ताणा. रंग तसाच राहिला तर बहुतेक मेलॅनिन, जांभळा वाढला तर शिरा. मेलॅनिनवर सनस्क्रीन आणि डॉक्टरने दिलेलं क्रीम महिनोन् महिने लावून थोडाफार फरक पडतो, सावलीवर कुठलंच क्रीम चालत नाही.

आता सूज, आणि हा माझा खरा आवडता भाग. अर्नेस्ट स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडलं की केशवाहिनीत, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिनीत, दोन जोर एकमेकांविरुद्ध चालतात. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन, साधारण २५ ते २८ मिलिमीटर पाऱ्याइतक्या (बीपी मोजतात तेच माप) जोराने ते आत धरून ठेवतात. आपण नुसते उभे असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरांत दाब ९० मिलिमीटरच्या आसपास जातो आणि डोक्याकडच्या शिरांत जवळजवळ शून्य. आडवं झालं की हा फरक मिटतो, चेहऱ्याकडच्या शिरांतला दाब वाढतो, पाणी झिरपतं, आणि पापणीखालचा भाग स्पंजासारखा सैल असल्याने ते तिथेच साठतं. झोपेत पापण्यांची उघडझाप बंद, म्हणजे लसिकावाहिन्यांतून (झिरपलेलं पाणी परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) पाणी पुढे सरकवणारी हालचालही बंद. म्हणून छान आठ तास झोपूनही डोळे सुजलेले असू शकतात, आणि विरारहून सकाळची फास्ट पकडून उभ्याने आलेल्या बाईची सूज चर्चगेटपर्यंत बरीच उतरलेली असते, तिने काहीही न लावता.

रात्री चायनीजच्या गाडीवर खाल्लं, वर पापड-लोणचं झालं, की मिठातलं सोडियम पाणी धरून ठेवतं आणि सकाळी जास्त सूज दिसते. एक उशी वाढवा, रात्रीचं मीठ कमी करा, उठल्यावर फ्रीजमधला गार चमचा ठेवा, गारव्याने वाहिन्या आकसतात. काकडीचंही काम तेच, तिच्यात दुसरी काही जादू नाही. कॅफिनवाल्या सीरमने जो फरक पडतो तो काही तासांपुरता. लिंबू मात्र डोळ्याजवळ अजिबात चोळू नका, कातडी भाजते आणि डाग उलट गडद होतो. केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेलं गोरं करणारं क्रीमही नको, बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, त्याने कातडी आणखी पातळ होते आणि डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं.

संध्याकाळपर्यंतही पिशव्या तशाच राहत असतील तर ते बहुतेक वेळा पाणी नसून वयाबरोबर पुढे आलेली चरबी असते, तिला ऑपरेशनच लागतं. आणि लहान मुलाचे डोळे रोज सकाळी सुजत असतील, लघवीला फेस येत असेल, तर 'नजर लागली' म्हणून मीठ-मोहरी ओवाळत बसू नका, लघवीची तपासणी करून घ्या. मूत्रपिंडातून अल्ब्युमिन गळायला लागलं की पाणी आत धरणारा जोरच कमी होतो आणि सूज बऱ्याचदा सगळ्यात आधी पापण्यांवरच दिसते.