थरो, कम्प्लीट की एक्झॉस्टिव्ह? अहवालातल्या एका शब्दाची निवड

कपाशीवर गुलाबी बोंडअळी किती आली, हे पाहण्याची एक ठरलेली रीत आहे. वावरात आडवंतिडवं फिरून 20 झाडं निवडायची आणि प्रत्येकाचं एक हिरवं बोंड तोडून फोडायचं. 20 पैकी 2 बोंडांत अळी किंवा तिने केलेलं नुकसान दिसलं, म्हणजे 10 टक्के झाले, की फवारणीचा विचार करायचा. यवतमाळ-वर्ध्याकडचे कृषीचे विद्यार्थी हे काम नीट करतात, पण त्याचा इंग्रजी अहवाल लिहिताना अडतात. या पाहणीला थरो म्हणायचं, कम्प्लीट, कॉम्प्रिहेन्सिव्ह की एक्झॉस्टिव्ह? शब्दकोशात पाहावं तर 'संपूर्ण', 'सखोल', 'सर्वंकष' हेच अर्थ आलटूनपालटून सापडतात. प्रत्यक्षात यातला प्रत्येक शब्द वेगळा दावा करतो.

सगळ्यात मोठा दावा एक्झॉस्टिव्हचा. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ 'उपसून रिकामं करणं'. गाळ काढायला उन्हाळ्यात विहीर तळापर्यंत उपसतात, तेच चित्र इथे आहे. 3 बाय 2 फुटांवर लावलेल्या एका एकरात सुमारे 7,260 झाडं बसतात. त्यातली 20 म्हणजे दर 363 झाडांमागे एक. अशा पाहणीला एक्झॉस्टिव्ह म्हटलं तर ते सरळ खोटं ठरतं. शिवाय बोंड फोडल्याशिवाय आतली अळी कळत नाही, म्हणजे सगळी बोंडं तपासायची तर वेचायला कापूसच उरणार नाही. म्हणून तर नमुना घेतात. जिथे मोजदाद संपते, तिथेच हा शब्द शोभतो: गावातल्या विहिरींची यादी, एका गटातल्या खातेदारांची यादी. तिथेही एक विहीर सुटली की दावा कोसळला.

थरोचं तसं नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'आरपार' असा होता. किती वस्तू पाहिल्या यापेक्षा हाती घेतलेली वस्तू कशी पाहिली, हे तो सांगतो. गुलाबी बोंडअळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि शिरल्याची जागा भरून येते, त्यामुळे बोंड बाहेरून निरोगी दिसतं. ते फोडून चार-पाच कप्पे वेगळे केले, सरकी पोखरली आहे का हे पाहिलं, तर 20 बोंडांची तपासणीही थरो होते. नुसती वरून नजर फिरवली, तर 2,000 झाडं पाहूनही ती थरो होत नाही. मराठीतला 'कसून' याच्या सर्वांत जवळचा.

कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे कवेत घेणारं. बोंडअळीसोबत तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांचीही नोंद घेतली, बांधाकडची झाडं पाहिली, मधलीही पाहिली, तर पाहणी कॉम्प्रिहेन्सिव्ह. त्यात प्रत्येक झाड यायची गरज नाही, प्रत्येक प्रकार यायला हवा. कम्प्लीट हा ठरलेलं माप भरल्याचा शब्द आहे. 20 ठरली होती आणि 20 झाली, की काम कम्प्लीट. ते निष्काळजीपणे केलेलं असलं तरी कम्प्लीटच, आणि घोटाळा बहुधा इथेच होतो: प्रपत्राचे सगळे रकाने भरले म्हणून लोक तपासणीला थरो म्हणून टाकतात.

यासाठी एक कसोटी फार उपयोगी पडते. शब्दाआधी 'जवळजवळ' लावून पाहा. 'काम जवळजवळ पूर्ण झालं' असं आपण म्हणतो, 'जवळजवळ कसून पाहिलं' असं कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही ऑलमोस्ट कम्प्लीट चालतं, ऑलमोस्ट थरो कानाला खटकतं. कम्प्लीटला शेवटचा टप्पा असतो, थरोला कमी-जास्त पायऱ्या असतात. म्हणूनच व्हेरी थरो सहज म्हणता येतं.

बाकीचे शब्द सोपे आहेत. एक्स्टेन्सिव्ह म्हणजे नुसतं विस्ताराने मोठं, काही सुटलं नाही असा दावा त्यात नसतो. इन-डेप्थ हा मोजक्या शेतकऱ्यांशी केलेल्या लांब मुलाखतींना शोभतो. डिटेल्ड मुख्यतः वर्णनाला, नकाशाला, अहवालाला लावतात. मेटिक्युलसच्या मुळाशी लॅटिनमधला 'भीती' हा शब्द आहे. चूक होईल या धास्तीने जपून केलेलं काम, असं ध्यानात ठेवलं तर तो चुकीच्या जागी पडत नाही.

अर्थ कळला तरी जोडी जमायला हवी. यादीला एक्झॉस्टिव्ह, विम्याला कॉम्प्रिहेन्सिव्ह, संचाला कम्प्लीट, चौकशीला आणि साफसफाईला थरो. थरो लिस्ट सहसा कुणी लिहीत नाही. शंका आली तर शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशातली उदाहरणवाक्यं वाचावीत, नुसता अर्थ पाहून थांबू नये.

दोन चुका वरचेवर दिसतात. एक्झॉस्टिव्ह सर्व्हेऐवजी एक्झॉस्टिंग सर्व्हे लिहिलं जातं, त्याचा अर्थ होतो 'दमवणारी पाहणी'. दुसरी चूक थरो आणि थ्रू यांच्या स्पेलिंगची. दोन्ही शब्द एकाच मुळातले. थरोमध्ये 'टीएच'नंतर एक 'ओ' जास्त आहे, एवढाच फरक. तो 'ओ' गळला तरी उरलेलं स्पेलिंग खऱ्याच शब्दाचं असतं, त्यामुळे संगणक बहुधा त्याखाली लाल रेघ ओढत नाही. ते वाक्य छापण्याआधी डोळ्यांनीच तपासावं लागतं.