युद्धकाळातल्या ब्रिटनमध्ये रेशन बुक कसं मिळायचं? पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

8 जानेवारी 1940 पासून ब्रिटनमध्ये बेकन, लोणी आणि साखर रेशनवर आली. पुढे मांस, चहा, चीज असं एकेक वाढत गेलं. खिशात पैसे असले तरी रेशन बुकाशिवाय हा माल मिळत नसे.

त्यासाठी लागणारी पहिली गोष्ट म्हणजे राष्ट्रीय नोंदणी. 29 सप्टेंबर 1939 च्या रात्री घरात जे कोणी असतील त्यांची नावं, जन्मतारीख, व्यवसाय आणि लग्न झालंय की नाही, हे छापील तक्त्यात भरून ठेवायचं होतं. मग प्रगणक दारात येई, तक्ता तपासे आणि प्रत्येकाचं ओळखपत्र तिथल्या तिथे लिहून देई. याच नोंदींवरून रेशन बुकं तयार होऊन नोव्हेंबरात टपालाने घरोघरी गेली. वेगळा अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. बंगल्यात राहणारा आणि गिरणीत राबणारा, दोघांना लोणी-साखरेचा वाटा सारखाच. या योजनेतली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

पुस्तक आलं की दुकान ठरवायचं. नाव-पत्ता लिहिलेली नोंदणीची चिठ्ठी पुस्तकातून काढून दुकानदाराला द्यायची. तो अशा चिठ्ठ्या स्थानिक अन्न कार्यालयात जमा करी आणि जितकी गिऱ्हाइकं नोंदलेली तितकाच माल त्याला मिळे. त्यामुळे लोणी एका दुकानात संपलं म्हणून दुसरीकडून आणायची सोय नव्हती.

हिरवं पुस्तक कोणाला?

प्रौढांचं पुस्तक बदामी रंगाचं, 5 ते 16 वयाच्या मुलांचं निळं. हिरवं पुस्तक गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी होतं. गरोदर बाईने डॉक्टर किंवा सुईणीचा दाखला आणि स्वतःचं रेशन बुक घेऊन अन्न कार्यालयात जायचं. हिरव्या पुस्तकावर रोज एक पाइंट, म्हणजे अर्धा लिटरहून थोडं जास्त दूध मिळे, अंड्यांचा वाटा दुप्पट असे आणि फळं आली की निवडायचा पहिला मान. जुलै 1940 पासून हे दूध सवलतीत, दोन पेन्सला पाइंट मिळू लागलं. उत्पन्न फारच कमी असेल तर फुकट; उत्पन्न विचारलं जाई ते इथे. पुढे संत्र्याचा रस आणि कॉडलिव्हर ऑइलही मिळू लागलं. बाळासाठी कपड्यांची ज्यादा कूपनं असत, तीही मागून घ्यायला विसरायचं नाही.

शाकाहारी माणसाने अन्न कार्यालयात तशी नोंद करायची, मांसाची कूपनं सोडून द्यायची आणि त्याबदली जास्तीचं चीज घ्यायचं.

कपडे 1 जून 1941 ला रेशनवर आले. वर्षाला माणशी 66 कूपनं. पुरुषाच्या ओव्हरकोटाला 16 आणि लोकरी झग्याला 11 लागत. नवी कूपनं छापून होईपर्यंत अन्नाच्या पुस्तकातली मार्गारीनची उरलेली कूपनंच चालवली गेली, म्हणून अर्ज करावा लागला नाही.

बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलवलं तर तिथल्या कार्यालयात ओळखपत्रावरचा पत्ता बदलून घ्यायचा आणि नव्या दुकानात नाव नोंदवायचं. ओळखपत्रांची सक्ती फेब्रुवारी 1952 मध्ये उठली. रेशन मात्र 4 जुलै 1954 पर्यंत चाललं आणि सर्वांत शेवटी मांस मोकळं झालं.